लाटव्हियातली सामान्य माणसं आपला इतिहास, लोकगीतं ऑनलाइन कशी नोंदवतात? भाषा न येणाऱ्याला त्यात भाग घेता येतो का? आपल्याकडे हे का जमत नाही?

तीन प्रश्नांपैकी तिसरा वाचला आणि लिहायला बसले, कारण त्याचं उत्तर माझ्या घरातच आहे. मी 2013 पासून रीगात, म्हणजे लाटव्हियाच्या राजधानीत राहते. माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी.

आधी पहिला प्रश्न. या देशाची लोकसंख्या 19 लाखांच्या आत. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 38 लाखांवर होती. तरी मराठी आणि लाटव्हियन विकिपीडिया 2003 साली महिन्याभराच्या अंतराने सुरू झाले आणि आज दोन्हींतले लेख लाखाच्या घरात आहेत. इथे एक शब्द सतत कानावर पडतो, तल्का. आपली इर्जिक. गवत कापायचं, बटाटे काढायचे, गोठ्यातलं खत शेतात न्यायचं, अशा कामाला शेजारी जमायचे, घरधनी पोटभर जेवू घालायचा, मजुरीचं नाव कोणी काढायचं नाही. आता वसंतात सगळा देश साफसफाईला उतरतो ती तल्का. संगणकाला लाटव्हियन बोलणं कळावं म्हणून लोकांनी आपापल्या आवाजात वाक्यं वाचून दिली, त्या मोहिमेचं नावही 'बाल्सु तल्का', म्हणजे आवाजांची इर्जिक. जुनी हस्तलिखितं वाचून टाइप करायची हे कामही त्याच भावनेने होतं.

इंटरनेट आलं म्हणून हे सुरू झालं असं मात्र समजू नका. क्रिश्यानिस बारोन्स नावाचा गृहस्थ मॉस्कोत शिकवण्या करून राहायचा. फ्रित्सिस ब्रीव्झेमनियेक्सने सुरू केलेलं लोकगीतांचं काम 1878 मध्ये त्याच्याकडे आलं. ही गाणी म्हणजे दाइना, बहुतेक चार ओळींच्या, आपल्या ओवीसारख्या, आणि पुष्कळशा बायकांच्या तोंडच्या. जात्यावर म्हणायच्या दाइनाही आहेत. गावोगावचे शिक्षक, शेतकरी, शिकलेली पोरं गाणी लिहून पाठवायची. बारोन्स एकेक गाणं 3 बाय 11 सेंटिमीटरच्या चिठ्ठीवर उतरवायचा. चिठ्ठ्या मावेनात तेव्हा 1880 साली त्याने 70 खणांचं कपाट करून घेतलं. त्यातून 1894 ते 1915 या काळात सहा खंड निघाले, 2,17,996 गाण्यांचे. एकाच गाण्याची दहा गावांतून दहा रूपं आली तर ती दहाही नोंदली, कुठलं रूप कुठलं तेही. ते कपाट आज रीगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला चिठ्ठ्यांपेक्षा त्या पाठवणाऱ्यांचंच जास्त वाटलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं.

मग 1924 मध्ये आन्ना बेर्झकाल्ने या शिक्षिकेने लोकसाहित्याचं संग्रहालय उभं केलं. शाळांना आवाहन गेलं आणि मुलांनी घरच्या आज्यांना विचारून वह्या भरल्या. 2014 पासून हे सगळं 'गारामंतास' नावाच्या संकेतस्थळावर येतंय. पानाचा फोटो एका बाजूला, टाइप करायची चौकट दुसऱ्या बाजूला. देशाची शंभरी 2018 मध्ये होती, त्या निमित्ताने शाळकरी पोरांनी हजारो पानं उतरवली. कामाची पद्धत इतकीच आहे, त्यात गूढ काही नाही.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

2018 च्या हिवाळ्यात मी यात पडले. पुर्वत्सियेम्स भागातल्या जुन्या सोव्हिएत इमारतीत आम्ही राहतो. दुपारी चारला अंधार पडतो. माझं लाटव्हियन तेव्हा परीक्षेपुरतं होतं, सुधारेल म्हणून पानं टाइप करायला घेतली. तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या एक बाई राहायच्या, मी त्यांना ओमीते म्हणायची, म्हणजे आजी. मूळच्या दुन्दागाकडच्या, पश्चिमेच्या किनारपट्टीवरच्या. माझं काम ऐकून त्या म्हणाल्या, लॅपटॉप घेऊन वर ये, लिंबाच्या फुलांचा चहा पाजते. (हा आपला लिंबू नव्हे, इथलं लिएपा नावाचं झाड.)

वही 1920 च्या दशकातली, एका शाळकरी मुलीची. जांभळी शाई, रेघांचा कागद, प्रत्येक गाण्याखाली सांगणारीचं नाव, वय आणि गाव. मी आधी टाइप केलेली लग्नाची गाणी ओमीतेंना वाचायला दिली. पहिल्याच गाण्यावर त्या थांबल्या. लाटव्हियनमध्ये 'काझस' म्हणजे लग्न आणि 'कझस' म्हणजे शेळ्या. दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, ती मी गाळली होती. पोरीने रेघ दिली होती, पण शाई उडालेली. ओमीतेंनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं आणि नखाने ती रेघ दाखवली. मी दुरुस्त केलं.

पुढच्या पानावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "हे असं कोण बोलतं?" मी म्हटलं, पोरीने शब्दांचे शेवट खाल्ले होते, मी पूर्ण केले. बाईबद्दलही पुल्लिंगी रूपं लिहिली होती, ती स्त्रीलिंगी केली. वर्गात मला तसंच शिकवलं होतं.

ओमीते बराच वेळ बोलल्या नाहीत. मग फोटोतली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, पोरीने लिहिली होती तशीच, शेवट तोडून. पुन्हा वाचली. म्हणाल्या, "माझी आई अशी बोलायची. हे चुकलेलं नाही. आमच्याकडे असंच."

त्या किनाऱ्यावर पूर्वी लिव्ह लोकांची वस्ती होती. त्यांच्या भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही. ते लाटव्हियन बोलू लागले तशी त्यांची वळणं त्या भागाच्या बोलीत मुरली, शब्दांचे शेवट गळाले आणि बायकाही पुल्लिंगी झाल्या. लिव्ह ही जिची मायबोली होती अशी शेवटची बाई 2013 मध्ये कॅनडात वारली, मी इथे आले त्याच वर्षी. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोरीने आजीच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं म्हणून त्या वहीत एका गेलेल्या भाषेची सावली टिकली होती. नव्वद वर्षांनी मी ती तीन पानांत पुसली होती.

ओमीतेंच्या घरात आईचं एक अक्षर नव्हतं. 25 मार्च 1949 ला सुरू झालेल्या धरपकडीत 42,000 हून जास्त माणसं सायबेरियाला धाडली गेली, त्यांत त्यांचं कुटुंब होतं. फोटो, पत्रं सगळं मागे राहिलं आणि गेलं. आईची बोली त्यांना त्या रात्री एका अनोळखी पोरीच्या वहीत भेटली. आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसून ती तिन्ही पानं पुन्हा केली. शब्द त्या सांगायच्या, मी टाइप करायची, आणि प्रत्येक ओळीनंतर त्या फोटो पडताळायच्या.

खाली घरी आले आणि मला आमच्या आजीची वही आठवली.

आजी गेली त्याच्या दोन वर्षं आधी आत्याने तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. दोनशे पानी वही. प्रत्येक ओवीखाली आजीचं बोलणं: "ही मी म्हायेरात शिकलो, थोरल्या वैनीकडनं." "ही बाळातपणाला गेलो हुतो तवा ऐकली." आमच्या कोल्हापूरकडे बायका 'आलो, गेलो' म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीही घरी फोनवर तशीच बोलते. 2017 मध्ये दादाने ती वही टाइप करून फेसबुकवर टाकली. कष्ट केले, हे मी मान्य करते. पण 'शिकलो'चं 'शिकले' केलं, 'हुतो'चं 'होते', 'न्हाई'चं 'नाही'. कित्येक ओव्यांची चाल त्याने मोडली, म्हणून पाहिली तर अडखळायला होतं. पुढे त्याला ती आजीची टिपणं 'घरगुती' वाटली आणि त्याने ती गाळलीच. नाव नाही, गाव नाही. वर फक्त 'पारंपरिक ओव्या'. तेव्हा मलाही ते छान वाटलं होतं, मी चार ठिकाणी पुढे पाठवलं.

त्या रात्रीनंतर मी दादाला फोन केला की वहीचे फोटो काढ. तो म्हणाला, "आता कशाला? टाइप केलंय की सगळं. आनि लोकांनी वाचायचं तर शुद्ध नको व्हय?" यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, अशुद्ध ठेवलं तर आजीला लोक अडाणी समजतील. माझं म्हणणं, आजीला अडाणी तूच समजलास. होळीला पुन्हा सांगितलं, उन्हाळ्यात पुन्हा. ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. वही खालच्या खोलीत ट्रंकेत होती. पाणी ओसरल्यावर आत्याने ट्रंक उघडली तेव्हा आत चिखलाचा गोळा होता.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: आपल्याकडे लिहिणारे कमी नाहीत, दुरुस्त करणारे फार आहेत. आपल्याला माणसाचं बोलणं जसं आहे तसं कागदावर बघायची लाज वाटते. आणि 'जमत नाही' हेही पूर्ण खरं नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर, गाणारीचं नाव आणि गाव लावून. आता 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. आधी त्यातल्या वीस-पंचवीस ऐका, मग आपल्याकडे काय आहे आणि काय नाही यावर बोलू.

तुमच्या घरात अशी वही असेल तर आजच फोटो काढा, प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचासुद्धा. टाइप नंतर करा. टाइप करताना एकही अक्षर सुधारू नका. अर्थ लागला नाही तर कंसात प्रश्नचिन्ह टाका, अंदाज बांधू नका. सांगणाऱ्याचं नाव, वय, माहेर, सासर लिहा. शुद्ध प्रत हवीच असेल तर ती वेगळी करा, मूळ शेजारी ठेवून.

दुसरा प्रश्न राहिला. भाषा न येता हस्तलिखितं करू नका, माझं काय झालं ते वर लिहिलंय. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचं छापील लाटव्हियन जर्मन वळणाच्या अक्षरांत आणि वेगळ्याच लेखनपद्धतीत आहे. रीगा लिहिताना दीर्घ 'ई' दाखवायला मध्ये एच घालायचे. इथे राहत असाल तर जुन्या इमारतींचे, थडग्यांवरच्या लेखांचे फोटो काढून विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर द्या, त्याला भाषा लागत नाही. मराठी विकिपीडियावर लाटव्हियाबद्दल नीट लेख लिहिलेत तरी चालेल.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. इथलं सगळंच हौशी लोक करत नाहीत. संग्रहालय, ग्रंथालय, विद्यापीठ यांत पगारी माणसं आहेत, त्यांच्या पाठबळाशिवाय एक पानही जालावर आलं नसतं. उत्साह शंभरीच्या वर्षी जेवढा होता तेवढा नेहमी नसतो. आणि देशातल्या जवळपास एक तृतीयांश घरांत रशियन बोलतात. माझ्या ओळखीच्या तशा घरांत या कामाबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

ओमीते आता नाहीत. ती तीन पानं आहेत, कोणीही उघडून वाचू शकतं.

दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. आत्याला अजून साठ-सत्तर ओव्या येतात, मागच्या आठवड्यात फोनवर तिने अकरा म्हटल्या. कुठली कोणाकडून शिकली तेही आजीसारखंच सांगते. तू टाकलेली पोस्ट काढू नकोस, पण त्यावर आजीचं नाव आणि गाव घाल, आणि 'शिकले' आहे तिथे 'शिकलो' कर. मी मे महिन्यात येतो, तेव्हा दोघं आत्याकडे बसू.