पहाटे बाबा निघतील तेव्हा

"मी २७ वर्षांचा आहे. मुंबईत एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. पाडव्यासाठी चार दिवसांची रजा काढून गुहागर तालुक्यातल्या गावी आलो आणि लॉकडाऊनमुळे इथेच अडकलो. ऑफिस बंद, पगार अर्धा. मित्र गिटार शिकतायत, ऑनलाइन कोर्स करतायत. मीही वेळापत्रक केलं: व्यायाम, इंग्रजी, एक्सेल, वाचन. चौथ्या दिवशी बारगळलं. आता दिवसभर मोबाइल घेऊन लोळत असतो. बाबा पहाटेच आंब्याला जातात, त्यांच्या समोर यायची लाज वाटते. एवढा मोकळा वेळ पुन्हा मिळणार नाही. त्याचं सोनं कसं करू?"
— एक चाकरमानी, मे २०२०

प्रिय मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वेळेबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि 'पगार अर्धा' एवढे दोनच शब्द त्यात घालून पुढे गेलास. मला वाटतं, दुखणं तिथे आहे. नोकरी राहील की जाईल, ही धास्ती पोटात असताना कुणाचं इंग्रजीत लक्ष लागेल? तू आळशी नाहीस रे, घाबरलेला आहेस.

म्हणून आधी एक कागद घे. हिशेब तर तुझ्या हातातलाच. शिल्लक किती, खोलीचं भाडं किती, कर्जाचा हप्ता असेल तर किती, अर्ध्या पगारात किती महिने निघतील, सगळं मांड. रिझर्व्ह बँकेने मार्च ते मे २०२०चे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली आहे, पण व्याज चालूच राहतं, तेही धर. आणि तो कागद बाबांना दाखव. ते रागावतील असं तुला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. घरात धडधाकट मुलगा दिवसभर गप्प पडून आहे आणि कारण कळत नाही, याचा घोर त्यांना जास्त असणार.

मी हे घरात पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले. शिमग्याला गावी आले ते राहिलेच. रोज पडवीत बसून रस्त्याकडे बघायचे. जेवायला हाक मारली तर "तुम्ही घ्या" म्हणायचे. कमावत नसताना ताटावर बसायचं कसं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. काकांनी त्यांना उपदेश केला नाही. एका सकाळी परसातला ढासळलेला गडगा दाखवून म्हणाले, "दादा, जरा हात लाव." मग दोघं दिवसभर तिथेच. जांभ्याचा दगड उचलायचा, फिरवून बघायचा, बसला नाही तर ठेवून दुसरा घ्यायचा, फटीत कपच्या ठोकायच्या. त्या रात्री वडिलांनी आजीकडे आणखी भात मागितला. गिरणीची नोकरी काही परत आली नाही. पण "तुम्ही घ्या" आम्ही पुन्हा ऐकलं नाही.

तुझ्या वेळापत्रकात सगळी कामं एकट्याने करायची होती, आणि ती झाली नाहीत तर कुणाचं काही अडत नव्हतं. तुझ्या घरात मात्र या महिन्यात काम वाट बघतंय. बाबांबरोबर जा. त्यांना सांगायला लाव की तयार फळ कसं ओळखायचं: देठाजवळ खळगा पडून खांदे वर आलेत का, हे त्यांची नजर खालूनच टिपते. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट आंबा कसा उतरवायचा, चीक सालीवर सांडला तर डाग कसा पडतो, पेंढ्यात आढी कशी लावायची. पहिल्या दिवशी तुझ्या हातून दोन-चार फळं आपटतील. बाबा ओरडतील. ओरडू देत.

आणि एक गोष्ट तुला येते, जी कदाचित त्यांना येत नसेल. यंदा बाजाराचा भरवसा नाही, अनेक बागायतदार मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणं, कुणाला किती डझन, गाडीभाडं किती, पैसे कुणाचे आले, कुणाचे राहिले, ही वही तू लिही. एक्सेल शिकायचंच होतं ना? या पेट्यांवर शीक. संध्याकाळी रेंज मिळते त्या सड्यावर तासभर बस आणि नोकरीसाठी अर्जही तिथूनच कर. ते सोडू नकोस, बागेच्या नादात मुंबईची वाट बंद करून घ्यावीस असं मी मुळीच म्हणत नाही. गिटारचं मात्र विसर. आवड असती तर ती आधीच दिसली असती.

दुपारी लोळावंसं वाटलं तर लोळ. मे महिन्यात कोकणात दुपारी सगळेच आडवे होतात, त्याची कसली लाज!

आईलाही विसरू नकोस. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी चालू असेल. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बस तिच्याजवळ. बिया काढून सालं वाळवायची, त्याच रसात पुन्हा भिजवायची, पुन्हा उन्हात टाकायची, अशी पुटं देत देत आमसूल काळंभोर होतं. हात आंबट होतात, मोबाइल धरता येत नाही, आणि बायका अशा वेळी जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. तिला तुझ्या नोकरीची काळजी आहे का, हे तिथेच विचार.

पण सुरुवात उद्याच कर. बाबा पहाटे निघतील तेव्हा त्यांच्या आधी उठून दाराशी उभा राहा. बॅटरी तू धर.

तुझी,
मावशी