भूमिगत, प्रतिकार आणि खेळातली नायिका

प्रश्न असा आहे: "'मेडल ऑफ ऑनर: अंडरग्राउंड' या व्हिडिओ गेमवर मराठीत लेख लिहितो आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढणारी मानोन बातिस्त ही फ्रेंच तरुणी त्यात मुख्य पात्र आहे. तिची ओळख मी 'फ्रेंच प्रतिरोध चळवळीतील वीरांगना आणि खेळाची महिला नायक' अशी करून दिली, पण वाचताना काहीतरी खटकतं. योग्य शब्द कोणते?"

खटकतंय ते योग्यच आहे. वाक्यातला एकही शब्द चुकीचा नाही, पण इंग्रजी वाक्य समोर ठेवून एकेका शब्दाला जोडीदार शोधल्यावर जे होतं ते इथे झालंय. यातले बरेच शब्द मराठीने स्वतःच्या लढ्यांत वापरून घासूनपुसून ठेवलेले आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

'अंडरग्राउंड'साठी आपल्याकडे 'भूमिगत' आहे आणि तो नुसता पारिभाषिक शब्द नाही. १९४२च्या ऑगस्टनंतर घराघरांत तो बोलला गेला. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो भूमिगत राहून. नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक होईपर्यंत प्रक्षेपणाच्या जागा बदलत राहिल्या. साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं तेही भूमिगत कार्यकर्त्यांच्या बळावर, आणि नानांची मुलगी हौसाताई त्या कामात होती. पुढे गोव्याच्या मुक्तिलढ्यात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी १९५५ ते १९६१ जंगलातून नभोवाणी केंद्र चालवलं, त्यालाही आपण भूमिगत रेडिओच म्हणतो. 'ते बेचाळीसला भूमिगत होते' एवढं एक वाक्य म्हटलं की ऐकणाऱ्याला खोटं नाव, बदललेली घरं, रात्रीचा प्रवास, कुणाच्या तरी माजघरात मिळालेली भाकरी हे सगळं न सांगता कळतं. मानोनचं आयुष्य याच जातीचं आहे. तेव्हा तिला बिनधास्त भूमिगत म्हणा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. पोलिसांच्या कागदात हीच माणसं 'फरारी' असत. माणूस तोच, पण फरारी म्हटलं की आपण पकडणाऱ्याच्या बाजूला उभे राहतो आणि भूमिगत म्हटलं की लपवणाऱ्याच्या. गेममधल्या जर्मन अधिकाऱ्याच्या तोंडी किंवा भिंतीवरच्या जाहिरातीत मानोन 'फरारी' असू द्या, निवेदनात ती 'भूमिगत'. एवढ्या एका फरकाने वाचकाला बाजू कळतात, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मात्र जमिनीखालच्या प्रत्यक्ष जागेला 'भूमिगत' लावू नका. या गेमचा एक टप्पा पॅरिसखालच्या कॅटाकोम्बमध्ये घडतो. खाणींच्या जुन्या पोकळ्यांत लाखो माणसांच्या अस्थी रचून ठेवलेली ती जागा आहे. तिच्यासाठी 'भुयार' हवं. मेट्रो भुयारी, रस्त्याखालून जाणारा पादचारी मार्ग भुयारी, तसं हे अस्थींचं भुयार. 'भूमिगत मानोन भुयारात उतरते' हे वाक्य कसं स्वच्छ उभं राहतं बघा.

आता 'रेझिस्टन्स'. 'प्रतिरोध' हिंदीत चांगला रुळलेला आहे, पण मराठी कानाला तो भौतिकशास्त्राच्या वर्गाजवळचा वाटतो, कारण आपण 'विद्युत रोध' शिकून मोठे झालो. मराठी राजकीय लेखनात स्वातंत्र्यापूर्वीपासून 'निःशस्त्र प्रतिकार' हा शब्दप्रयोग आहे आणि त्याच्यासमोर 'सशस्त्र प्रतिकार' आपोआप येतो. म्हणून 'फ्रेंच प्रतिकार चळवळ'. लेखात ती वारंवार येणार असेल तर पहिल्यांदा असं लिहून पुढे नुसतं 'प्रतिकार चळवळ' पुरे. झाडीझुडपांत राहून लढणाऱ्या गटांना फ्रेंच लोक 'माकी' म्हणत. माकी म्हणजे दाट झुडपांचं रान. तो शब्द तसाच ठेवावा, एकदा अर्थ सांगावा.

'महिला नायक' मात्र पूर्ण काढून टाका. नायक हा शब्द 'नी' म्हणजे नेणे या धातूचा, पुढे घेऊन जाणारा तो नायक आणि पुढे घेऊन जाणारी ती नायिका. तरीही लिहिणारा अडखळतो, त्याचं कारण समजण्यासारखं आहे. 'नायिका' म्हटलं की आपल्याला नायकाची प्रेयसी आठवते, आणि हे सिनेमामुळेच झालंय असं नाही. नाट्यशास्त्राने आठ नायिका सांगितल्या त्या सगळ्या प्रियकराच्या संदर्भात: कुणी त्याची वाट पाहते, कुणी त्याच्यावर रुसते, कुणाचा तो परगावी गेलाय. आठांपैकी एकटी अभिसारिका रात्री स्वतःहून बाहेर पडते. काळोखाच्या रात्री काळोखाचीच वस्त्रं नेसून, पैंजणांचा आवाज होऊ न देता, पहारे चुकवत ती जाते. कवींनी ती प्रियकराकडे धाडली हे खरं, पण तिची चाल, तिची सावधगिरी आणि तिची हिंमत वाचली तर भूमिगत स्त्रीचं चित्र आपल्या परंपरेला अगदीच अनोळखी नव्हतं असं वाटतं.

शब्दाचा अर्थ आकुंचला म्हणून शब्द सोडायचा नसतो, तो त्याच्या मूळ कामावर परत लावायचा असतो. मानोनचंच उदाहरण घ्या. १९९९च्या पहिल्या 'मेडल ऑफ ऑनर'मध्ये नायक होता जिमी पॅटरसन नावाचा अमेरिकन सैनिक आणि मानोन त्याच्या मदतीला असलेलं पात्र होती. २०००च्या 'अंडरग्राउंड'मध्ये गोष्ट तिची झाली. पहिल्याच मोहिमेत तिचा भाऊ जाक मारला जातो आणि तिथून पुढे सगळा भार तिच्यावर येतो. सहायक पात्राची नायिका झाली, हे मराठीत इतक्या सरळ सांगता येतं. तिथे 'महिला नायक' लिहिलं की नायकपद मुळात पुरुषाचं आणि ही त्यावर बदलीला आलेली, असं सुचवलं जातं. आणखी स्पष्टता हवी तर 'कथानायिका' म्हणा. 'खेळाडू' मात्र तिला म्हणू नका. खेळाडू म्हणजे कंट्रोलर हातात घेऊन बसलेला माणूस.

'वीरांगना' वाईट शब्द नाही. पण तो पुतळ्याच्या चौथऱ्यावर शोभतो, चालत्या गोष्टीत जड होतो. शिवाय राजस्थानात हा शब्द हुतात्मा जवानाच्या पत्नीसाठी वापरतात, जिला आपण वीरपत्नी म्हणतो, त्यामुळे मराठीबाहेरच्या वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. छपाईत एक वेलांटी हुकून काना पडला तर काय होतं ते सांगायला नको. 'रणरागिणी'ची अवस्था आणखी वाईट आहे. पाण्याच्या टाकीवर हंडे घेऊन गेलेल्या बायकांपासून कबड्डीच्या संघापर्यंत सगळ्यांना बातम्यांनी ते बिरुद लावून झालंय.

आणि मला मनापासून सांगायचं आहे ते हेच, की या बिरुदांची मराठीला गरजच नाही, कारण आपलं क्रियापद हे काम करतं. इंग्रजीतल्या 'यू एस्केप्ड'ला लिंग नाही. मराठीत पडद्यावर 'तू निसटलास' लिहायचं की 'तू निसटलीस', हे ठरवल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. गेमचा मजकूर मराठीत आणणाऱ्याला ही अडचण वाटते आणि मग तो दोनपैकी एक करतो: सरसकट पुल्लिंग वापरतो, नाहीतर लिंग दिसणारच नाही अशी वाक्यं शोधतो. दुसरी वाट मराठीत चांगली मोकळी आहे. आज्ञार्थाला लिंग नसतं: 'दिवा विझव. पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंत थांब.' कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'तू पूल उडवलास' हे मुलालाही म्हणता येतं आणि मुलीलाही, कारण पुल्लिंग आहे ते पुलाचं. भावे प्रयोगात तर कुणाचंच लिंग लागत नाही: 'तुला पकडलं.' मुख्य पात्र खेळणाऱ्यानेच निवडायचं असेल अशा गेमसाठी ही युक्ती उत्तम.

पण मानोनच्या बाबतीत ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. इथे गोष्ट एका बाईची आहे, आणि खेळणारा कुणीही असो, तो तेवढा वेळ ती बाई आहे. पडद्यावर 'तू निसटलीस' यावं. 'तू सापडलीस' यावं. तिच्या तोंडी निवेदन असेल तर 'मी रात्रभर चालले, पहाटे पोचले' असं असावं. मुलगे खेळताना अवघडतील अशी भीती कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्या परंपरेकडे पाहावं. ज्ञानेश्वरांच्या विराण्या विरहिणीच्या तोंडच्या आहेत, एकनाथांनी गौळणी लिहिल्या, आणि मिशीवाले कीर्तनकार शतकानुशतकं त्या स्त्रीलिंगी 'मी'तून गात आले. बालगंधर्व रंगमंचावर 'मी आले' म्हणत तेव्हा नाट्यगृहात कुणी दचकत नसे. दुसऱ्याच्या लिंगातून बोलणं मराठी माणसाला नवं नाही, आणि फक्त क्रियापदाच्या शेपटीतून एखादा मुलगा दोन-तीन तास मानोन होऊन राहत असेल तर ते भाषेचं मोठं काम आहे.

आता व्यवसायाचे शब्द, कारण ते तुमच्या लेखात पुढे येतीलच. मानोनमागे एलेन देशां ॲडम्स या खऱ्या स्त्रीची प्रेरणा आहे. प्रतिकार चळवळीतून ती पुढे अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तसंस्थेत गेली. अशी दुसरी नायिका २००९च्या 'व्हेल्वेट ॲसॅसिन' या गेममधली व्हायोलेट समर. तिच्यामागे व्हायोलेट झाबो या खऱ्या स्त्रीची प्रेरणा आहे. झाबोचा नवरा १९४२मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत मारला गेला. ती ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेत गेली, १९४४मध्ये दोनदा फ्रान्समध्ये उतरली, दुसऱ्या खेपेला पकडली गेली आणि १९४५च्या सुरुवातीला राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत तिला ठार केलं. तेव्हा ती २३ वर्षांची होती. तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यपुरस्कार मिळाला.

या गेमच्या नावातल्या 'ॲसॅसिन'चं भाषांतर 'मारेकरी' करू नका. मराठीत मारेकरी हा नेहमी पलीकडच्या बाजूचा असतो. 'हस्तक'ही तसाच, तो शत्रूचाच असतो. 'हेर' चालेल. पण झाबोचं खरं काम मुख्यतः गट आणि गट यांच्यात निरोप, माहिती आणि पैसा पोचवण्याचं होतं. इंग्रजीत त्याला कुरिअर म्हणतात, आणि आपल्याकडे कुरिअर म्हटलं की दारात पार्सल घेऊन उभा असलेला मुलगा दिसतो. इथे पेशवाईच्या कागदांतला 'जासूद' वापरून पाहा. पत्र नेणारा, येताना बातमी आणणारा, गरज पडली तर हेरगिरी करणारा, असं सगळं त्या एका शब्दात आहे. 'ती जासूद होती' यात क्रियापद पुन्हा आपलं काम करतंच. शब्द जुना वाटेल, म्हणून पहिल्या वेळी 'निरोप आणि बातम्या पोचवणारी जासूद' असं लिहा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'मानोन बातिस्त ही या खेळाची नायिका. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर ती भूमिगत झाली आणि प्रतिकार चळवळीत लढली.' तिचं शौर्य सांगायला एखादा प्रसंग घ्या, भावाला गमावल्यानंतरची तिची पुढची मोहीम घ्या, आणि विशेषणाची जागा मोकळी ठेवा.