मत्स्यपरिस्थितिकी की मत्स्यसंवर्धन : डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या कामावरून काही सांगावेसे वाटते

प्राणीशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर गोड्या पाण्यातील माशांच्या परिस्थितिकीत (मासे आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासात) संशोधन करावे की मत्स्यसंवर्धनाकडे, म्हणजे मासे वाढवण्याच्या कामाकडे वळावे, आणि एक वाट धरली की दुसरी सुटते का, असे आपण विचारले आहे. या विषयाचे अध्यापन करण्यात आणि नद्यांवर नमुने गोळा करत हिंडण्यात माझी तीसएक वर्षे गेली. त्या आधारावर मी एवढे निश्चित सांगेन की, ज्याने मासा त्याच्या नदीत पाहिलेला नाही त्याने त्याचे बीज, म्हणजे सोडण्यासाठीची पिल्ले, तयार करण्याची घाई करू नये. हे उदाहरणाने स्पष्ट करतो.

डॉ. सी. व्ही. कुलकर्णी मुंबई प्रांताच्या मत्स्य खात्यात काम करत होते आणि पुढे महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक झाले. मुंबई परिसरात सापडणारा एक पारदर्शक, जेमतेम तीन सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा त्यांनी १९४० मध्ये ‘होराइक्थिस सेटनाय’ या नावाने शास्त्रापुढे आणला. या नावात सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचा गौरव आहे. अशा माशाला बाजारात काहीही किंमत नसते. तरीही नराच्या गुदपराचे (पोटाखाली, गुदद्वारामागे असणाऱ्या पराचे) पुढचे काटे बदलून त्यांचे समागमाचे इंद्रिय कसे बनले आहे, तो शुक्राणूंची पुडी मादीच्या शरीरावर कशी चिकटवतो आणि गर्भाची वाढ कशी होते, हे सारे त्यांनी बारकाईने नोंदवले. पुढे नर्मदेतील पाल्याची, म्हणजे बंगाल्यांच्या हिल्साची, वीण आणि अंडी यांवरही त्यांनी लिहिले. एखादा मासा कोठे, केव्हा आणि कोणत्या पाण्यात अंडी घालतो, हा प्रश्न त्यांच्या कामात सतत दिसतो.

म्हणूनच महाशीर या नदीतील मोठ्या माशाकडे वळल्यावर त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली नाही. दख्खनचा महाशीर, ‘टॉर खुद्री’, याचे वर्णन सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. त्या नद्यांची आजची अवस्था आपल्याला ठाऊकच आहे. लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या वीज कंपनीचे तलाव आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की तेथील महाशीर वाहत्या पाण्याकडे चढतात. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीच्या सवयी, अंडी आणि सुरुवातीची वाढ यांवर आधी सविस्तर लेख लिहिला आणि त्यानंतर एस. एन. ओगले यांच्यासह लोणावळ्याजवळच्या वळवण येथील केंद्रात कृत्रिम प्रजननाचे काम उभे केले.

हा क्रम महत्त्वाचा का, ते पाहा. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात मेंदूजवळच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या कार्प माशांचे प्रेरित प्रजनन (माशांना अंडी घालण्यास भाग पाडणे) यशस्वी केले आणि देशभरातील मत्स्यबीज निर्मितीचे चित्र पालटले. पण महाशीर म्हणजे रोहू नव्हे. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखांच्या घरात अंडी देते, तर महाशीराची अंडी काही हजारच असतात. रोहूची अंडी साधारण एका दिवसात फुटतात, तर महाशीराची मोठी, पिवळसर, तळाशी बसणारी अंडी फुटायला तीन दिवसांच्या आसपास लागतात, आणि पिल्ले त्यानंतरही काही दिवस पीतक (अंड्यातील पिवळा अन्नसाठा) पोटाशी घेऊन तळाच्या कोपऱ्यात दाटीने पडून राहतात. त्यामुळे त्यांना उथळ तबके, सतत वाहते स्वच्छ पाणी आणि भरपूर प्राणवायू द्यावा लागतो. डोंगरी ओढ्याच्या खडीत जे घडते तेच तबकात घडवायचे असते, आणि त्यासाठी आधी ओढा समजावा लागतो.

याच कामाची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. लोणावळ्यात तयार झालेली बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) १९७० च्या दशकापासून कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर वेगळा आहे. तो ‘टॉर रेमादेवीआय’ असल्याचे २०१८ मध्ये स्पष्ट झाले आणि त्याच सुमारास त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारी ही कारणे आहेतच, परंतु बाहेरून आणून सोडलेल्या दख्खनी महाशीराने त्याची जागा बळकावली हेही एक प्रमुख कारण अभ्यासक सांगतात. बीज सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्या नदीत आधी कोणता महाशीर राहतो, हे त्या काळी नीट तपासले गेलेले नव्हते, कारण त्याला शास्त्रीय नावही निश्चित मिळालेले नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, पीएच.डी.साठी नोंदणी करण्यापूर्वी एक नदी आणि एक जात निवडा. जूनच्या पहिल्या पुरापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर आठवड्याला तेथे जा, पाण्याचे तापमान आणि विरघळलेला प्राणवायू मोजा, मासेमारांच्या जाळ्यात आलेल्या माद्यांच्या अंडाशयाची अवस्था नोंदवा आणि पिल्ले कोणत्या खडीत सापडतात ते पाहा. ती वही हाताशी असेल, तर पुढे मत्स्यबीज केंद्रात काम करतानाही कोणते बीज कोठे सोडायचे आणि कोठे मुळीच सोडायचे नाही, हे आपल्याला सांगता येईल.