अपडेट आणि अकरा तारीख

प्रश्न : ताई, सातपूरला माझं छोटंसं काम आहे. चौदा गिऱ्हाइकांचे मिळून साठेक कॉम्प्युटर सांभाळतो. शरणपूर रोडला सीए ऑफिस, अंबडला फॅब्रिकेशनचे तीन कारखाने, कॉलेज रोडला दोन दवाखाने, पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाउस. अपडेटसाठी दरवेळी गाडी काढणं परवडत नाही. रिमोटने केलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘काल तुम्ही काहीतरी केलंत, आज बिल निघत नाहीये.’ एक शेठ तर म्हणतात, अपडेट बंदच करून टाक. काय करू?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आधी शेठजींचं बघू. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फायली कुलूपबंद केल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ, म्हणजे अपडेट, मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी दोन महिने लावलं नाही, ते सापडले. एवढ्यावरही पटलं नाही, तर ‘अपडेट नको’ हे मेलवर लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक शेठ मवाळ होतात.

आता तुमचं. दोष रिमोटचा नाही, सगळ्यांना एकाच रात्री अपडेट वाढण्याचा आहे. मीही हे केलंय. काही वर्षांपूर्वी अंबडच्या एका कारखान्यात संध्याकाळी सातही कॉम्प्युटरवर अपडेट सोडलं आणि निवांत झोपले. सकाळी साडेनऊला फोन. शेअर केलेला प्रिंटर कुणालाच दिसेना. गेटवर माल भरलेला टेम्पो, आणि ड्रायव्हर चलनाची वाट बघत तिसरी बिडी ओढतोय. शेवटी ऑफिसातल्या मुलीने पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली आणि झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणली. त्या कारखान्यात अजून मला ‘प्रिंटरवाल्या मॅडम’ म्हणतात.

शितावरून भाताची परीक्षा करा. आधी स्वतःच्या मशीनवर, मग प्रत्येक गिऱ्हाइकाकडे एकाच कॉम्प्युटरवर. तो असा निवडा, की त्यावर टॅली आणि प्रिंटिंग रोज चालतं, पण दिवसभर बंद पडला तरी धंदा अडत नाही. तीन-चार दिवसांनी फोन करून नेमकं विचारा : प्रिंट निघते का, टॅली उघडते का, डिजिटल सहीचं टोकन ओळखलं जातं का? नुसतं ‘सगळं ठीक ना?’ विचारलंत तर ‘हो’च येणार. मग बाकीचे. सर्व्हर शेवटी, तोही बॅकअपमधली एखादी फाईल खरोखर काढून बघितल्यावर. ‘बॅकअप झाला’ म्हणणाऱ्या हिरव्या टिकवर माझा विश्वास नाही.

आणि कॅलेंडर. विंडोजची मासिक अपडेटं दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणजे आपल्या हाती बुधवारी. हा मंगळवार ८ ते १४ मध्येच कुठेतरी येतो. दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ या रिटर्नची तारीख ११, जीएसटीआर-३बीची २०. बघा कसं जमून आलंय! सीए ऑफिसला २१च्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका. विंडोज प्रोमध्ये ही अपडेटं ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. मात्र अपडेट ज्या भोकासाठी आलंय, त्यातून हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल, तर तारीखबिरीख बघायची नाही. पॅकहाउसचंही तसंच. जानेवारी ते एप्रिल त्यांचा सीझन, तेव्हा विंडोजची मोठी वार्षिक आवृत्ती नकोच, ती जूनवर टाका. लेबल छापणाऱ्या कॉम्प्युटरची सुरक्षेची अपडेटं कामगारांची शिफ्ट सुटल्यावर. कंटेनर दारात उभा असताना लेबल अडलं, तर पुढच्या वर्षीचं एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, विसरा.

अपडेट पुरतं बसायला रीस्टार्ट लागतो, त्याची गंमत वेगळीच. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, ‘रोज बंद करतो की!’ टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा, तेवीस दिवस निघतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण बंद होतच नाही, रीस्टार्टने होतं. तुम्ही स्वतः रीस्टार्ट द्या, पण त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्याकडे आहे ना, ते बघा. कधीकधी, विशेषतः बायोसचं (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) अपडेट झाल्यावर, मशीन ती की मागत निळ्या पडद्यावर थांबतं. तिथे विंडोजच सुरू झालेलं नसतं, त्यामुळे तुमचं रिमोट सॉफ्टवेअरही नसतं. तुम्हाला दिसतं एवढंच, की मशीन ऑफलाइन आहे.

म्हणून प्रत्येक ठिकाणी एक माणूस धरून ठेवा. हुशार नको, धीराचा हवा. दवाखान्यात रिसेप्शनच्या ताई, कारखान्यात स्टोअरकीपर. पडद्याचा फोटो पाठवता आला आणि तुम्ही सांगाल ते आकडे न घाबरता दाबता आले, की झालं. माझ्याकडे सिन्नरला असे एक काका आहेत, इंग्रजी येत नाही, पण आकडे सहा-सहाच्या गटात असे वाचून दाखवतात की एकही चुकत नाही. दिवाळीला मी त्यांना आठवणीने चिवड्याचा डबा देते.