एप्रिलमध्ये गोधडी कोण घेतं?

"ताई, माझ्यातलं संपलं आता. सुचतच नाही काही."

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बाई शिरल्या त्या भलीमोठी पिशवी घेऊन, आणि बसायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. केक करणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, छंदाचा धंदा केलेल्या कितीतरी जणांकडून मी हे वाक्य ऐकलंय: आवडीचं काम विकायला लागले आणि आवडच मेली, माझी कला आटली का? म्हणून ही हकिगत लिहिते आहे. बाईंची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

या बाई गोधड्या करतात. सुदामा नगरात घर, वय त्रेचाळीस. इंदुरात तयार कपड्यांचे कारखाने पुष्कळ, तिथून किलोवर कतरन आणायची (चिंधी म्हटलं तर आमच्याकडे दुकानदाराला कळत नाही), थोडं बाग गावच्या लाल-काळ्या छपाईचं कापड, आणि वरून हाताचा धावदोरा. सासूबाईंकडून शिकलेली रीत: कडेपासून सुरुवात, आत आत येत मध्यावर संपवायचं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक गोधडी केली होती, इंदूरच्या राजवाड्याची. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्यांनी तेवढंच घेतलं: सात आडवे पट्टे, तीन राखाडी, चार काथ्याच्या रंगाचे, मध्ये खिडक्यांची बारीक ठिगळं. ना कमान, ना बुरूज. फोटोत बघूनही मला ती आवडली. लोकांनाही आवडली, आणि तिथेच घोटाळा झाला. जो येईल त्याला राजवाडाच हवा. एकोणीस राजवाडे झाले होते. "विसावा कापायला घेतला की हात दुखायला लागतो, ताई. खरंच दुखतो."

वर आणखी दोन गोष्टी. बाजारात एका दुकानाने तेच सात पट्टे चादरीवर छापून विकायला काढले होते. आणि एक गोधडी परत आली होती. ती त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर पसरली. लाल चौकोनाभोवतालचं पांढरं कापड गुलाबी झालं होतं, बीटाच्या कोशिंबिरीत दही होतं तसं. पहिल्याच धुण्यात रंग उतरला होता. गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले, यांनी दिले, आणि वर माफीचं लांबलचक पत्र लिहिलं.

आधी मी झोप, भूक, मन कशातच न लागणं, जगणं नकोसं वाटणं, हे सगळं विचारून घेतलं. ते दोन आठवडे सतत असेल तर गोष्ट निराळी, तिथे डॉक्टर लागतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करायला पैसे पडत नाहीत. बाईंचं तसं नव्हतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर दुसऱ्यांच्या गोधड्या बघत बसायच्या, एवढंच. ते 'एवढंच'ही कमी नसतं म्हणा.

मग मी चुकले. मानसशास्त्रात 1973 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर पुढे ती मुलं आपण होऊन चित्रं काढेनाशी होतात. निदान बरीच कमी काढतात. मला वाटलं, सापडलं! पैसा शिरला, आवड गेली. म्हटलं, एक गोधडी विकायची नाही अशी करा, फक्त तुमच्यासाठी. तीन आठवड्यांनी बाई आल्या त्या जास्तच खचून. गोधडी झालीच नव्हती. "घरात पैसा येत नाही आणि मी खेळत बसू? सासूबाई काय म्हणतील?" दमलेल्या बाईला मी आणखी एक काम लावून दिलं होतं. आणि त्याच प्रयोगातला दुसरा भाग मीच विसरले होते: ज्या मुलांना न सांगता, नंतर बक्षीस मिळालं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. पैसा वाईट नव्हता. आणि त्या मुलांना घर कुठे चालवायचं होतं!

मग म्हटलं, हिशेबाची वही आणा.

वही म्हणजे शाळेची शंभर पानी, मागच्या पानांवर दुधाचा हिशेब. दोघींनी मिळून पानं उलटली. ऑक्टोबर ते जानेवारी: पहिल्या वर्षी 8 गोधड्या, मग 11, मग 13. मार्च ते जून: 2, 0, 1. माळव्यातल्या उन्हाळ्यात पंख्याखाली गोधडी कोण घेतं? पण दर एप्रिलला फोन वाजायचा थांबला की बाईंना वाटायचं, आपलंच काहीतरी संपलं. तिन्ही वर्षं हेच. त्यांनी तीनदा बोट फिरवून आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मागच्या एप्रिललाही मी रडले होते, नाही का?"

मग एका राजवाड्याचा हिशेब मांडला. साठ बाय नव्वद इंचाची गोधडी, विकायची 2,800 ला. कापड, अस्तर, आतला कापूस, दोरा मिळून 1,300. उरले 1,500. तास किती? त्यांनी कधी मोजलेच नव्हते. अंदाजाने सत्तर धरले. तासाला 21 रुपये. म्हणजे तासभर मान मोडून जेमतेम एक प्लेट पोहे. आणि तेरा गोधड्या चार महिन्यांत म्हणजे रोज साडेसात तास, दिवाळी-संक्रांत धरून. सुचायला डोकं रिकामं कुठे होतं?

"पण टाके घालायचे पैसे कसे मागायचे? ते तर बसल्या बसल्या होतं." हे वाक्य मात्र समुपदेशनाचं होतं. त्यावर आमच्या चार बैठकी गेल्या. आजेसासू, सासू, सगळ्यांनी बसल्या बसल्याच केलं. कुणी कधी मोजलं नाही. मी फार काही बोलले नाही. पुढची गोधडी करताना टाक्याला बसताना आणि उठताना घड्याळ बघून वहीत लिहा, एवढंच सांगितलं. सत्तर नाही, ब्याऐंशी तास निघाले.

नकलेचं मी वकिलांकडे सोपवलं. त्यांनी सांगितलं ते कडू होतं: डिझाइन नोंदवायचं तर लोकांसमोर आणायच्या आधी, 2000 च्या कायद्यात तसंच आहे. राजवाडा तीन वर्षं विकला गेला होता. बाई दोन दिवस चिडल्या. मला ती चीड बरी वाटली. तोवर त्या फक्त स्वतःवरच चिडत होत्या.

शेवटी ठरलं ते असं: बाकी गोधड्यांचे भाव हळूहळू वाढवायचे, राजवाड्याचा एकदम दुप्पट, 5,600. ज्या कामाचा कंटाळा येतो त्याचीच किंमत आधी वाढवावी, असं माझं मत. यजमान म्हणाले, गिऱ्हाईक पळेल. पळू दे, म्हटलं, काही तरी पळायलाच हवंय. आणि उन्हाळ्यात नवं डिझाइन काढायचा हट्ट नाही. कापडं भिजवायची, पांढऱ्या फडक्यावर घासून रंग बघायचे, वाळवून ठेवायची.

नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. पुण्याहून कुणी राजवाडा मागितला होता, भाव ऐकून "कळवते" म्हणाली आणि गप्प झाली.

"दोन दिवस फोन बघत होते, ताई. नाही आली."

"मग त्या दोन दिवसांत काय केलंत?"

"तो लाल धुतला. तिसऱ्या पाण्यालाही उतरतोय मेला."