छोट्या कॉलेजात राहूनही अमेरिकन फुटबॉलचा महान कोच होता येतं का?

होतं की! जॉन गॅग्लियार्डींचंच बघा. कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक, म्हणजे 489 विजय त्यांच्या नावावर आहेत. आणि यातला एकही कुठल्या बड्या विद्यापीठासाठी नाही. पहिली चार वर्षं मोंटानातलं कॅरोल कॉलेज, मग 1953 ते 2012 अशी तब्बल साठ वर्षं मिनेसोटातलं सेंट जॉन्स. सेंट जॉन्स ज्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात खेळतं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. मुलं निव्वळ आवडीपोटी खेळतात.

सुरुवात तर ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात शाळेचे कोच सैन्यात गेले आणि सोळा वर्षांच्या जॉननीच संघाची सूत्रं हाती घेतली. मला वाटतं, खेळाडूच्या अंगाला काय सोसतं याची जाण त्यांना तिथेच आली. सरावात त्यांनी टॅकलिंग, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं, पूर्ण बंद ठेवलं, शिट्टी वापरली नाही, दीड तासाच्या वर सराव लांबवला नाही. अंगमेहनतीच्या नावाखाली पोरं गवतावर उताणी पडायची आणि शेजारच्याला सांगायची, 'काय छान दिवस आहे!' त्यांना 'कोच' म्हणायचीही बंदी, सरळ 'जॉन' म्हणायचं. आपल्याकडे सरांना नावाने हाक मारून बघा!

एवढी मोकळीक देऊनही चार राष्ट्रीय विजेतेपदं आली: 1963, 1965, 1976 आणि 2003. त्याच 2003 मध्ये कॉलेज फुटबॉलचेच दुसरे कोच एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रमही त्यांनी मोडला. 2018 मध्ये ते गेले. डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी ट्रॉफी मात्र त्यांच्या हयातीतच, 1993 पासून, त्यांच्या नावाने दिली जाते.