निर्देशक, निर्देशांक आणि ‘विकासदर’

प्रश्न असा आला आहे: “अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. एका पुस्तकात ‘मानव विकास निर्देशक’ छापले आहे, दुसऱ्यात ‘मानव विकास निर्देशांक’. बरोबर कोणते? शिवाय एका विद्यार्थिनीने विचारले, आपला विकासदर 6.5 टक्के, मोठ्या देशांत पुढे. मग मानव विकासात आपण 130वे कसे? दोन्हीकडे ‘विकास’च आहे ना?”

आधी सोपा भाग उरकते. मानव विकासाच्या बाबतीत ‘निर्देशांक’ बरोबर. पण अर्थशास्त्रात ‘निर्देशक’ही लागतोच, म्हणून दोघांची सरमिसळ होते.

दोन्हींच्या मुळाशी ‘दिश्’ हा धातू आहे, दाखवणे या अर्थाचा. दिशा, आदेश, उपदेश, इतकेच काय, ‘देश’सुद्धा त्यातूनच आला. अंगुलिनिर्देश म्हणजे बोटाने दाखवणे. तेव्हा निर्देशक म्हणजे दाखवणारा, खूण पटवणारा. शाळेच्या विज्ञानात याच अर्थाने ‘दर्शक’ म्हणतात. लिटमस हा दर्शक, हळदही दर्शक. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो, तेव्हा हळदीने साबणातली आम्लारी दाखवून दिलेली असते. अंगणवाडीत लहान मुलांच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. सहा महिन्यांपुढच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला, तर ते तीव्र कुपोषित, सेविकांच्या बोलण्यात ‘सॅम’. इथे दंडघेर हा निर्देशक. कुपोषण एकट्या दंडात नसते, अख्ख्या मुलात असते. पट्टी ते दाखवते.

निर्देशांक म्हणजे निर्देश अधिक अंक. (जाता जाता: क्रमांक, गुणांक, घातांक यांत अकारान्त शब्दापुढे अंक आल्याने ‘आं’ झाला. बुद्धी आणि अंक यांचा संधी मात्र ‘बुद्ध्यंक’ होतो; ‘बुद्ध्यांक’ हे या शब्दांच्या नादाने झालेले रूप.) निर्देशक एकेका गोष्टीचा असतो आणि त्याला बहुधा आपले एकक असते: वर्षे, टक्के, दर हजारी, सेंटिमीटर. निर्देशांकाला एकक नसते. एक तर तो पायाभूत वर्षाशी केलेली तुलना असतो, नाहीतर अनेक निर्देशक एका अंकात ओवून केलेला असतो. सेन्सेक्स पहिल्या प्रकारचा. 1978-79 ला 100 धरून तो आजची पातळी सांगतो. म्हणून तो कितीही हजारांवर गेला तरी तितके ‘रुपये’ होत नाही. महागाई भत्ता ज्यावर ठरतो तो ग्राहक किंमत निर्देशांकही याच जातीचा.

मानव विकासाचा निर्देशांक दुसऱ्या प्रकारचा. त्याच प्रकारातल्या, नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात पोषण, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, बँक खाते असे 12 निर्देशक आहेत आणि निर्देशांक एक. वर्गात हेच उदाहरण द्या. दहावीच्या भूमितीतले ‘बिंदूचे निर्देशक’ मात्र वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने हा मानव विकास निर्देशांक आणला. 2025 च्या अहवालात भारताचे 2023 सालचे आकडे आहेत: जन्मवेळचे सरासरी आयुर्मान 72 वर्षे, अपेक्षित शालेय वर्षे 13, पंचविशीपुढच्यांनी प्रत्यक्ष घेतलेले शिक्षण सरासरी 6.9 वर्षे आणि दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने (म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक जमेस धरून) 9,047 डॉलर. हे चार निर्देशक. आता त्यांचा अंक होताना पाहा. आयुर्मानाची मोजपट्टी 20 ते 85 वर्षांची. 72 त्यावर 0.80 ला बसते. शिक्षणात 13 ला 18 ने आणि 6.9 ला 15 ने (ही त्या मोजपट्ट्यांची वरची टोके) भागून सरासरी काढली की 0.59. उत्पन्न 100 ते 75,000 डॉलरच्या पट्टीवर, लॉगरिदमने, 0.68. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढा, 0.685 येते. हे गणित मुलींकडून फळ्यावर करून घ्या, ‘अंक’ कुठून आला ते कायमचे कळेल. 2010 पूर्वी साधी सरासरी काढत, तेव्हा एका विषयातले कमी गुण दुसऱ्यातल्या जादा गुणांनी सहज झाकले जात. गुणाकारात तेवढे झाकत नाहीत. आपले दुखणे त्या 6.9 मध्ये आहे: प्रौढ भारतीयांचे शिक्षण सरासरीने सात वर्षेही भरत नाही. महाराष्ट्रात अनेक मागास तालुक्यांत ‘मानव विकास’ लिहिलेली निळी एसटी मुलींना शाळेत नेते-आणते. त्या गाडीत बसलेली मुलगी पंचविशी ओलांडेल, तेव्हा हा आकडा हलेल.

आता खरा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिचे काही चुकलेले नाही. ‘विकासदर’ हा शब्दच चुकलेला आहे. 2024-25 चे 6.5 टक्के म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या वस्तू आणि सेवांच्या उत्पादनाचे मूल्य, महागाई वगळून, आदल्या वर्षापेक्षा तेवढे वाढले. ही वाढ आहे, विकास नव्हे. विकास म्हणजे मुळात उमलणे. बालरोगतज्ज्ञ हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवतात. वजन, उंची, डोक्याचा घेर ही वाढ; मान धरणे, पालथे पडणे, रांगणे, बोलू लागणे हा विकास. गुटगुटीत मूल दीड वर्षाचे झाले तरी उभे राहत नसेल, तर ‘छान वाढतंय’ म्हणून आजी गप्प बसत नाही. पाठ्यपुस्तकेही आर्थिक वृद्धी आणि आर्थिक विकास असा भेद शिकवतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा मथळा तो पुसून टाकतो.

2022 मध्ये श्रीलंकेचे उत्पादन सात टक्क्यांहून जास्त आकसले. मथळ्याच्या भाषेत त्या देशाचा ‘विकासदर उणे’. पण मानव विकास निर्देशांकात त्याही वर्षी तो भारताच्या बराच वर होता. लोकांचे आयुर्मान आणि शिक्षण एका वाईट वर्षात ओसरत नाही. म्हणून ‘वृद्धिदर’ म्हणावे. जड वाटत असेल तर ‘वाढीचा दर’. घरात मूल जन्मले की सोयर लागते, त्यालाही वृद्धीच म्हणतात. घरात एक माणूस वाढले, एवढेच ती सांगते.

याच ओघात ‘सकल’बद्दल. वर्षभरातल्या त्या उत्पादनाच्या मूल्याला पुस्तकांत ‘सकल देशांतर्गत उत्पादन’ म्हणतात, राज्याच्या आर्थिक पाहणीत ‘स्थूल’ दिसते. मला व्यापाऱ्यांचा ‘ढोबळ’ सर्वांत चोख वाटतो: निव्वळ नफ्यासमोर ढोबळ नफा, तसे घसारा (यंत्रे-इमारतींची झीज) वजा न केलेले ते ढोबळ उत्पादन. ‘सकल’ म्हटले की त्यात सगळे आले असा भास होतो. प्रत्यक्षात घरच्या बाईने रोज रांधलेले अन्न, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा, यांतले काहीही त्यात धरलेले नसते.

‘दरडोई’ मात्र अप्रतिम शब्द. दरसाल, दरमहा यांतला ‘दर’ आणि आपली डोई. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी 1867-70 च्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी डोईमागे वार्षिक उत्पन्न काढले, ते 20 रुपये भरले. त्याच्या शेजारी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च ठेवला. तो त्याहून जास्त होता. एकटा 20 हा आकडा तेव्हा कुणाला हलवता ना. दुसऱ्या आकड्याशेजारी बसवल्यावर त्याचा खरा निर्देशक झाला. आणि सरासरी डोईमागे काढली तरी ती प्रत्येक डोईला मिळते असे नाही, वरचे लोक जास्त घेतात, हेही त्यांच्या विवेचनात आहे.

तुमच्या टिपणात मी असे लिहीन: ‘2025 मधल्या सरकारी अंदाजानुसार 2024-25 मध्ये भारताच्या आर्थिक वाढीचा दर 6.5 टक्के होता. 2023 चा मानव विकास निर्देशांक 0.685, 193 देश-प्रदेशांत क्रमांक 130.’ आणि त्याखाली चारही निर्देशक, आपापल्या एककांसह.